बूट पुन्हा भरलं! दर दोन-तीन महिन्यांनी अडणारं उबुंटूचं अपडेट

आतोबांचा फोन रविवारी सकाळी नऊच्या आत आला की विषय काय ते मला कळतं. ‘अरे, तुझं ते बूट परत भरलं.’ मागून आत्याचा आवाज येतो, ‘कुणाचे बूट? चिखलाने भरले का?’ मग मी इंदूरच्या सुदामानगरातून लोकमान्य नगरात जायचं, जिरावण भुरभुरलेले पोहे खायचे, उबुंटू या लिनक्स प्रणालीचा एखादा जुना कर्नल (म्हणजे तिचा गाभा) उडवायचा, अपडेट पुरं करायचं आणि घरी यायचं. वर्षभरात हे चार वेळा झालं. पाचव्या खेपेला मी पोहे बाजूला ठेवून नीट शोध घेतला आणि दुखणं बरं झालं असं समजून परतलो. सहाव्यांदा फोन आला तेव्हा कळलं की त्या शोधातलं एक टोक हातातून सुटलं होतं, आणि ते मीच अडकवलेलं होतं.

हीच अडचण तुमच्याकडेही असेल तर पुढचं कामाला येईल. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये (आज्ञा द्यायच्या खिडकीत) त्या रोमन लिपीत टाइप करायच्या. ‘सुडो’ म्हणजे ती आज्ञा व्यवस्थापकाच्या अधिकाराने चालवणं. मी वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळी अक्षरं लहान.

लक्षणं अशी. सॉफ्टवेअर अपडेटर म्हणतो की ‘/बूट’ या विभागात पुरेशी जागा नाही. टर्मिनलमधून अपडेट केलं तर बरंच काही नीट पार पडतं आणि शेवटी ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ येतं, त्यापाठोपाठ ‘अपडेट-इनिट्रामएफएस: फेल्ड’. त्यानंतरची गंमत आणखी त्रासदायक. तुम्ही कुठलंही पॅकेज टाकायला जा, अगदी एखादा फॉन्टसुद्धा, शेवटी तीच चूक दिसते. कारण अर्धवट बसलेला कर्नल पुरा करायचा प्रयत्न ॲप्ट (पॅकेजं बसवणारा उबुंटूचा कारभारी) दर वेळी करतं आणि दर वेळी आपटतं. आतोबा त्यांच्या मंडळाच्या स्मरणिकेची जुळणी या संगणकावर करतात. त्यांना वाटलं होतं की देवनागरी फॉन्टच खराब आहे. तीन वेगवेगळे फॉन्ट टाकून झाले होते बिचाऱ्यांचे.

अजून एक. आतोबांनी संगणकाची भाषा मराठी ठेवली आहे आणि ॲप्टचे बरेच संदेश मराठीत भाषांतरित आहेत. वाचायला छान वाटतं, पण तो मराठी संदेश जसाच्या तसा शोधायला टाकला तर उत्तर सापडत नाही. अशा वेळी आज्ञेच्या आधी ‘एलसी_ऑल=सी’ लावायचं, त्यातलं ‘एलसी’, ‘ऑल’ आणि ‘सी’ हे सगळं मोठ्या अक्षरांत:

एलसी_ऑल=सी सुडो ॲप्ट अपग्रेड

तेवढ्या एका आज्ञेपुरते संदेश इंग्रजीत येतात. संगणकाच्या भाषेला हात लागत नाही आणि आतोबांचा राग ओढवत नाही.

आता ‘/बूट’ हा वेगळा विभाग आहेच कशाला? सगळ्यांकडे नसतो. मुख्य डिस्क कूटबद्ध केली असेल तर असतो, कारण कर्नल आणि त्याच्या जोडीची इनिटआरडी ही फाइल कुलपाबाहेर ठेवावी लागते. यंत्र सुरू होताना ती मिळाली तरच पासवर्ड विचारणारा कुणीतरी जागा होतो. हा संगणक मी उबुंटू १६.०४ टाकून दिला होता, कूटबद्ध करून, आणि मग १८.०४, २०.०४, २२.०४ असं एकावर एक चढवत आलो. त्या काळच्या इंस्टॉलरने ‘/बूट’ला दिली जेमतेम पाचशे एमबी. आताचे इंस्टॉलर बरीच जास्त देतात. तुमचा ‘/बूट’ वेगळा नसेल तर तुमचं दुखणं दुसरं आहे, हे सगळं वाचत बसू नका.

आधी तातडीचं. पहिल्या दोन आज्ञा निरुपद्रवी आहेत:

डीएफ -एच /बूट
यूनेम -आर

पहिली किती जागा उरली ते सांगते. दुसरी आत्ता कोणता कर्नल चालू आहे ते सांगते, आणि तो नंबर कागदावर लिहून ठेवा. तो काढायचा नाही, काही झालं तरी. मग बसवलेले कर्नल बघा:

डीपीकेजी --लिस्ट 'लिनक्स-इमेज*'

डावीकडच्या दोन अक्षरांकडे लक्ष द्या. ‘आयआय’ म्हणजे नीट बसलेला. दुसऱ्या जागी मोठा ‘एफ’ दिसला तर तो अर्धवट राहिलेला. ‘आरसी’ म्हणजे काढून टाकलेला, फक्त सेटिंगचा कचरा मागे. आतोबांच्या यादीत ‘आरसी’च्या अठरा-वीस ओळी होत्या. ते म्हणाले, ‘अरे, महूच्या लष्करी छावणीतसुद्धा इतके कर्नल नसतील.’ पण त्या ओळींमधून ‘/बूट’मध्ये एक एमबीही सुटणार नाही. त्यांच्यामागे लागू नका.

चालू असलेला आणि सर्वांत नवा हे दोन सोडून मधला जो ‘आयआय’ कर्नल असेल तो काढायचा. एरवी ‘सुडो ॲप्ट पर्ज’ पुरेसं असतं. पण ॲप्ट स्वतःच अडकलं असेल तर ते म्हणतं आधी मोडलेलं दुरुस्त करा, आणि दुरुस्तीला जागा लागते, जी नाही. असं झालं तर खालच्या पातळीवर उतरून एकाच आज्ञेत त्या कर्नलच्या तिन्ही पॅकेजांना काढायचं (‘नंबर’च्या जागी त्या कर्नलचा नंबर):

सुडो डीपीकेजी --पर्ज लिनक्स-इमेज-<नंबर>-जेनेरिक लिनक्स-मॉड्यूल्स-<नंबर>-जेनेरिक लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा-<नंबर>-जेनेरिक

तिघे एकमेकांवर अवलंबून आहेत, एकेकटा काढायला गेलात तर दुसरा आडवा येतो. मग अर्धवट काम पुरं करून घ्या:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

‘/बूट’मध्ये जाऊन हाताने फाइली पुसू नका, असं सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. पॅकेजच्या नोंदीत फाइल आहे पण जागेवर नाही, अशी अवस्था नंतर फार छळते. अगदीच पर्याय नसेल आणि थोडी जागा हवीच असेल तर एखाद्या जुन्या, चालू नसलेल्या कर्नलची इनिटआरडी ‘सुडो अपडेट-इनिट्रामएफएस -डी -के <नंबर>-जेनेरिक’ या आज्ञेने काढता येते. तीच आज्ञा ‘-डी’च्या जागी ‘-सी’ लावून दिली की फाइल परत तयार होते. मधल्या काळात त्या कर्नलवर यंत्र चालू होणार नाही एवढं ध्यानात ठेवा.

इथवरचं मी चार वेळा केलं. दर वेळी हिरवी खूण, दर वेळी चहा, आणि पुढचा एखादा कर्नल आला की परत फोन. उबुंटूचे कर्नल सुरक्षा-दुरुस्त्यांसह साधारण दर तीन-चार आठवड्यांनी येतात, म्हणजे माझ्या रविवारच्या पोह्यांची सोय झालेली होती.

पाचव्या वेळी मला एक साधा हिशेब खटकला. एका कर्नलमागे या यंत्रावर इनिटआरडी साधारण शंभर एमबी, खुद्द कर्नल अकरा, बाकी किरकोळ सहा-सात. म्हणजे सगळं मिळून एकशे वीस धरा. विभाग ४७३ एमबीचा. नवा कर्नल बसताना क्षणभर तीन एकत्र असतात, ते झाले ३६०. ग्रबचे (यंत्र सुरू होताना कर्नल निवडून उघडणारा प्रोग्राम) सात-आठ. म्हणजे शंभर एमबी शिल्लक राहायला हवेत. मग तिसरा कर्नल येताना दम का लागतो? दुसरं कुणीतरी आत बसलं होतं. तेव्हा आकारानुसार यादी काढली:

एलएस -एलएच --सॉर्ट=साइज /बूट

आणि दिसलं ते असं: इनिटआरडी.आयएमजी-४.४.०- अमुक -जेनेरिक.ओल्ड-डीकेएमएस, ३९ एमबी. त्याच्या वर ४.१५.०चे असेच दोन, ५४ आणि ५५. २२.०४वर चालणाऱ्या संगणकात ४.४चा कर्नल! तो १६.०४चा. घर बदललं, रंग तीनदा दिला, आणि माळ्यावर आधीच्या भाडेकरूची ट्रंक तशीच.

ही ट्रंक आली कुठून? कर्नलच्या बाहेरचे ड्रायव्हर, उदाहरणार्थ काही वायफाय कार्डांचे किंवा ग्राफिक्सचे, प्रत्येक नव्या कर्नलसाठी यंत्रावरच नव्याने बांधावे लागतात. ते काम डीकेएमएस करतं. त्याच्या जुन्या आवृत्त्या इनिटआरडी परत बनवायच्या आधी जुनीची प्रत ‘ओल्ड-डीकेएमएस’ शेपूट लावून तिथेच ठेवायच्या. पुढे तो कर्नल काढला की इनिटआरडी जाते, पण फक्त नेमक्या त्याच नावाची. शेपूटवाली प्रत कुणाच्याच यादीत नसते, म्हणून कुणीच काढत नाही.

इथे एक चकवा आहे, मीही त्यात थोडा वेळ फसलो. फाइल कोणत्या पॅकेजची आहे हे ‘डीपीकेजी -एस’ सांगतं (हा ‘एस’ मोठा), म्हणून मी एकेकीला विचारत सुटलो. त्याने सगळ्याच इनिटआरडींना ‘कुणाची नाही’ म्हटलं, चालू कर्नलच्यासुद्धा! कारण इनिटआरडी पॅकेजमधून येतच नाही, ती तुमच्या यंत्रावर तयार होते. त्या उत्तरावर विसंबून कुणी साफसफाई केली तर पुढच्या वेळी यंत्र सुरूच व्हायचं नाही. खरी कसोटी वेगळी: प्रत्येक इनिटआरडीला त्याच नंबरचा जोडीदार व्हीएमलिनक्झ (खुद्द कर्नलची फाइल) ‘/बूट’मध्ये आहे का ते बघा. ज्या इनिटआरडीला जोडीदार नाही ती अनाथ. या तिघींना नव्हता.

मी त्या लगेच पुसल्या नाहीत, आतोबांच्या होम फोल्डरमध्ये ‘जुनं-बूट’ नावाचं फोल्डर करून तिथे हलवल्या. दोन वेळा यंत्र बंद-चालू केलं, मगच उडवल्या. १४८ एमबी मोकळे.

त्याच दिवशी दुसरी गोष्ट दिसली. ‘यूनेम -आर’ ५.१५.०चा जो नंबर सांगत होतं तो वर्षभर जुना होता, आणि त्यापेक्षा नवा कर्नल बसलेला असूनही यंत्र जुन्यावरच सुरू होत होतं. आधी मला वाटलं आतोबा संगणक बंद न करता नुसता झोपवतात म्हणून. तसं असेल तर ‘/व्हार/रन/रीबूट-रिक्वायर्ड’ ही फाइल सापडते आणि एकदा रीस्टार्ट केलं की प्रश्न मिटतो. पण रीस्टार्ट केल्यावरही तोच नंबर. मग ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ ही फाइल उघडली. ‘ग्रब_डिफॉल्ट’च्या (हे सगळं मोठ्या अक्षरांत) पुढे शून्य असायला हवं, तिथे त्या जुन्या कर्नलचं लांबलचक नाव लिहिलेलं. कुणी लिहिलं? मीच.

आठवलं ते असं. गेल्या पावसाळ्यात नव्या कर्नलवर यांचं वायफाय गायब झालं होतं. बाहेर धो धो, आतोबांना मजकूर छापखान्यात पाठवायची घाई. मी फोनवरून नेट जोडून ज्या कर्नलवर वायफाय चालत होतं तो नावाने मागून पुन्हा बसवला आणि ग्रबला सांगितलं की कायम हाच उघड. काम भागलं, मी विसरलो.

आणि वायफाय मुळात गेलं का होतं? त्याच्या आधीच्या एका साफसफाईत मी ‘लिनक्स-हेडर्स’ नावाची सगळी पॅकेजं उडवली होती, जागा वाचेल म्हणून. हेडर्स, म्हणजे ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली, राहतात ‘/यूएसआर/एसआरसी’मध्ये. ‘/बूट’शी त्यांचा काही संबंध नाही. त्यांच्यासोबत ‘लिनक्स-जेनेरिक’ हे सगळ्यांना बांधून ठेवणारं पॅकेजही गेलं, नव्या कर्नलबरोबर नवे हेडर्स येईनात, हेडर्स नाहीत म्हणून डीकेएमएसला ड्रायव्हर बांधता येईना, ड्रायव्हर नाही म्हणून वायफाय नाही. एक एमबी वाचला नाही आणि वर्षभराचं शुक्लकाष्ठ मागे लागलं. आतोबांना हे सगळं सांगितलं नाही. त्यांना मी ‘कंपनीची चूक होती’ असं काहीतरी पुटपुटलो.

ते निस्तरलं असं:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिनक्स-जेनेरिक
डीकेएमएस स्टेटस

दुसऱ्या आज्ञेत सर्वांत नव्या कर्नलच्या नंबरापुढे ‘इन्स्टॉल्ड’ दिसलं की ड्रायव्हर बांधला गेला. तरीही ग्रबला हात लावायच्या आधी खात्री करून घ्या. यंत्र सुरू होताना शिफ्ट दाबून ठेवा (नव्या यूईएफआय यंत्रांवर एस्केप), ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन नवा कर्नल निवडा, वायफाय, आवाज, प्रिंटर बघा. आतोबांसाठी प्रिंटर सर्वांत महत्त्वाचा, आत्यासाठी आवाज. सगळं ठीक निघालं तेव्हा ‘ग्रब_डिफॉल्ट’पुढे शून्य लिहिलं आणि:

सुडो अपडेट-ग्रब

समाधानाने घरी आलो. पुढच्या महिन्यात फोन. ‘अरे, बूट...’

खरं सांगतो, त्या सकाळी पोहेसुद्धा गोड लागेनात. ‘डीएफ’ पाहिलं, भरलेलं. ‘एलएस’ पाहिलं, एकही अनाथ फाइल नाही, पण कर्नल चार! सर्वांत नवा अर्धवट, त्याआधीचे दोन, आणि तो पावसाळ्यातला म्हातारा अजून ठाण मांडून. चार गुणिले एकशे वीस म्हणजे ४८०, विभाग ४७३चा. हिशेब आता चोख जुळत होता, फक्त उलट्या बाजूने.

ॲप्टचा नियम असा आहे: चालू असलेला कर्नल आणि सर्वांत नवा हे दोन राखायचे, दोन्ही एकच असेल तर नव्याच्या आधीचा एक राखायचा, बाकी ‘ऑटोरिमूव्ह’ने जाऊ द्यायचे. पण हे फक्त आपोआप आलेल्या पॅकेजांना लागू. तुम्ही नाव घेऊन मागितलेलं पॅकेज ॲप्ट ‘मॅन्युअल’ म्हणून नोंदवतं, आणि मालकाने स्वतः मागितलेली वस्तू ते कधीही स्वतःहून टाकत नाही. पावसाळ्यात तो कर्नल मी नावाने मागितला होता. आधी तो चालू कर्नलही होता आणि मॅन्युअलही, म्हणजे एकाच खुर्चीत दोन हक्क. मी ग्रब सुधारल्यावर चालू कर्नल दुसरा झाला, पण म्हाताऱ्याचा दुसरा हक्क शाबूतच होता. नव्या दोघांनी आपापल्या खुर्च्या घेतल्या, त्याने आपली सोडली नाही, आणि पुढचा आला तो दारातच अडकला. म्हणजे माझ्या अर्ध्या दुरुस्तीने गर्दी एकाने वाढवली.

तपासायला:

ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल | ग्रेप लिनक्स

इथे ‘लिनक्स-जेनेरिक’ किंवा ‘लिनक्स-इमेज-जेनेरिक’ अशी बिननंबरी नावं दिसली तर ती तशीच राहू द्या, त्यांच्यामुळेच नवे कर्नल येतात. नंबर असलेलं कुठलंही नाव दिसलं तर ते संशयित. त्याच्या मॉड्यूल्स आणि हेडर्सचीही नावं असू शकतात, त्यांनाही हेच करायचं:

सुडो ॲप्ट-मार्क ऑटो लिनक्स-इमेज-<नंबर>-जेनेरिक
सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज

दुसरी आज्ञा काय काय काढणार ते आधी दाखवते आणि विचारते. घाईने होकार देऊ नका, यादी वाचा. त्यात ‘लिनक्स-जेनेरिक’ किंवा डेस्कटॉपचं एखादं ओळखीचं पॅकेज दिसलं तर ‘एन’ दाबा आणि आधी कारण शोधा. आमच्याकडे यादीत म्हातारा आणि त्याचा गोतावळा तेवढा होता. जागेच्या अडचणीमुळे ऑटोरिमूव्हच पुढे सरकत नसेल तर वर सांगितलेली ‘डीपीकेजी --पर्ज’ची वाट आहेच.

मध्येच ‘लॉक मिळत नाही’ असं दिसलं तर घाबरण्यासारखं काही नाही. पार्श्वभूमीवर आपोआप होणारं अपडेट चालू असतं, दहा मिनिटं थांबा. ती लॉक फाइल पुसायचा सल्ला जागोजाग सापडतो, तो ऐकू नका. दोन कारभारी एकाच वेळी एकच खातेवही लिहायला लागले तर काय होईल ते होतं. आणि वीज गेल्यामुळे अपडेट अर्ध्यावर तुटलं असेल तर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ बहुतेक वेळा पुरतं.

ज्यांचा ‘/बूट’ याहूनही लहान आहे त्यांच्यासाठी एक उपाय आहे. ‘/ईटीसी/इनिट्रामएफएस-टूल्स/इनिट्रामएफएस.कॉन्फ’ या फाइलमध्ये ‘मॉड्यूल्स=मोस्ट’ असतं (त्यातलं ‘मॉड्यूल्स’ मोठ्या अक्षरांत), म्हणजे जगातल्या बहुतेक यंत्रांना लागतील ते ड्रायव्हर इनिटआरडीत भरायचे. त्याऐवजी ‘डेप’ लिहून ‘सुडो अपडेट-इनिट्रामएफएस -यू’ दिलं की फक्त त्या यंत्रापुरते भरले जातात आणि फाइल चांगलीच बारीक होते. मी आतोबांच्या संगणकावर हे केलेलं नाही. उद्या मदरबोर्ड गेला आणि डिस्क दुसऱ्या यंत्राला लावायची वेळ आली तर ती सुरू न होण्याची शक्यता असते. आणि आतोबांचं नशीब असं की ती वेळ स्मरणिका छापायला जायच्या आदल्या रात्रीच येईल.

विभागच मोठा करणं हा राजरस्ता, पण कूटबद्ध डिस्कवर ते नाजूक काम आहे. त्यापेक्षा सगळ्याचा बॅकअप घेऊन नव्याने बसवलेलं परवडतं. २२.०४ला नेहमीचे सुरक्षा-अपडेट एप्रिल २०२७पर्यंत मिळणार आहेत, त्यामुळे त्याआधी कधीतरी २४.०४ कोऱ्या डिस्कवर टाकायचं ठरलंय. त्या सहाव्या खेपेनंतर पाच कर्नल येऊन गेले. ‘डीएफ’ दर वेळी साठ टक्क्यांच्या आत. आता फोन येतो तो फक्त पोह्यांसाठी, आणि तोही आत्याच करते.